आपल्या वाट्याचं पाणी

मी मुलांना धर्म शिकवते असं कुणी म्हटलं की माझा नवरा अजूनही हसतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा. सत्तावीस वर्षं मी महाळुंग्याच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. हातात गेज, समोर पार्टचा ट्रे. गेजमध्ये बसला तर पुढे, नाही बसला तर लाल डब्यात. लाल डबा म्हणजे रिजेक्ट. धर्माशी माझा संबंध काय, तर दसऱ्याला मशीनला हार घालायचा आणि पेढा खायचा. आणि माझा राग! सुपरवायझरसुद्धा माझ्या टेबलाजवळून जाताना आवाज न करता जायचा. अशा बाईच्या हाती कुणी पोरं दिली, असं मीच विचारलं असतं.

पण मी ते माझ्याच तोंडाने ओढवून घेतलं. पुनावळ्यात आमची एक मंडळी आहे. दर रविवारी सकाळी एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमते. गुरू नाही, गादी नाही. एका रविवारी गीता वाचायची, दुसऱ्या रविवारी कुराण, मग बायबल, कधी धम्मपद, कधी अभंग. कुणाला बोलावंसं वाटलं तर तो बोलतो, आणि शेवटी सगळ्यांनी दहा मिनिटं गप्प बसायचं. मी जायला लागले ती खरं तर त्या गप्प बसण्यासाठी. आठवडाभर कानात कंपनीतल्या प्रेस मशीनचा खडखडाट भरलेला असायचा, तो त्या दहा मिनिटांत जरा उतरायचा.

तर एके रविवारी ती दहा मिनिटं चालू असताना मंडळीतली पोरं जिन्यावरून धाडधाड वर-खाली करत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "या कार्ट्यांना कुणी आवरणार आहे का, की मी जाऊ?" असं मी भर शांततेत म्हणाले. आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे म्हणजे एक निवृत्त शाळामास्तर, आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि म्हणाले, "जा की ताई. आणि पुढच्या रविवारपासून तुम्हीच जात जा." झालं. याला आता अकरा वर्षं झाली.

आमचा वर्ग खाली पार्किंगमध्ये भरतो. दोन चटया, एक फळा आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्याच्या झाकणाला फट पाडलेली आहे. आठवडाभरात मुलांना देवाधर्माबद्दल जे प्रश्न पडतात ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचे, आणि रविवारी एक चिठ्ठी काढायची. एकेक प्रश्न असे असतात की गीता लिहिणाऱ्यालाही घाम फुटावा. येशूला वाढदिवसाला केक आवडायचा का? मारुतीच्या मिशीला कोण तेल लावतं? एकाने विचारलं होतं, देवाला ओव्हरटाइम असतो का. त्याचे वडील चाकणला कामाला, पोराला बाप रविवारीच काय तो दिसायचा.

डब्याचा नियम गुरुजींनी घालून दिला. माहीत असेल तर सांगायचं. माहीत नसेल तर "मला माहीत नाही" असं मोठ्याने म्हणायचं, मग ज्यांच्या घरी ती गोष्ट पाळतात त्यांच्या घरी जाऊन विचारून यायचं आणि पुढच्या रविवारी सांगायचं. मनचं काही लावायचं नाही. आणखी एक गोष्ट ते म्हणाले, "ताई, मुलांना देव सांगू नका, माणसं सांगा." तेव्हा मला ते काही नीटसं कळलं नव्हतं. गुरुजी बोलतात ते सगळंच मला लगेच कळतं असं नाही.

पण विचारून येणं मला मनापासून आवडायला लागलं. केस का कापत नाहीत हे विचारायला मी चिखलीला एका शीख ट्रान्सपोर्टवाल्याच्या घरी गेले, तर त्याच्या आईने मला पोटभर पराठे खायला घातले. मेणबत्तीचं विचारायला पिंपरीला एका ख्रिश्चन नर्सबाईंकडे गेले, तर त्यांच्याशी अशी मैत्री जमली की अजून आम्ही एकमेकींना लोणचं पाठवतो. परक्या घराची बेल वाजवून "मला एक गोष्ट कळत नाहीये, सांगता का?" असं म्हणायचं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईला हे सोपं नव्हतं, पण जमलं. कुणी दारातून हाकललं नाही.

मग ती वर्गात आली.

सर्व्हिस रोडला एक दुचाकीचं गॅरेज आहे, त्या मेकॅनिकची ती मुलगी. वडील मूळचे राजगुरुनगरच्या बाजूचे, पिढ्यान् पिढ्या तिथलेच, मराठी माझ्यापेक्षा अस्सल. मी लातूरकडची, माझं बोलणं ऐकून ते हसायचे. एकदा माझी स्कूटर दुरुस्त करता करता म्हणाले, "काकू, तुमी रविवारी पोरास्नी काय शिकवता म्हनं?" मी सांगितलं. म्हणाले, "मग आमची बी घ्या की. घरात बसून मोबाइल बघती नुसती." पुढच्या रविवारी ती आली. सात वर्षांची, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. पहिल्याच दिवशी तिने एका दांडगट मुलाला चटईवरून सरकवून स्वतःची जागा केली. मला ती जाम आवडली.

आणि तिथून माझी चूक सुरू झाली. मला तेव्हा वाटत होतं की मी फार मोठं काही करते आहे.

आमच्या वर्गात मुसलमान मूल ते एकच. ईदचा, रोज्याचा, मशिदीचा प्रश्न निघाला की मी तिच्याकडे वळायचे. "सांग गं बाळा, तुमच्यात कसं असतं?" ती उठून उभी राहायची, हात मागे बांधायची आणि सांगायची. कुणाच्या घरी जाऊन विचारून यायला नको, उत्तर चटईवरच बसलेलं! मंडळीत मी मिरवायचे, आमच्या वर्गात कसे सगळे आहेत ते. आता विचार करते तेव्हा वाटतं, बाकीच्या पोरांना मी कधी "तुमच्यात कसं" असं विचारलंच नाही. मारुतीच्या मिशीबद्दल काही येत नसलं तर ती पोरं खिदळायची आणि सुटायची. हिला मात्र दर वेळी अख्ख्या धर्माच्या वतीने उभं राहावं लागायचं, आणि दात तर अजून सगळे आलेले नव्हते.

दोन वर्षं असंच चाललं. मग गेल्या वर्षी, रमजानला महिना-दीड महिना असेल, डब्यातून चिठ्ठी निघाली: रोज्यात पाणीसुद्धा का पीत नाहीत?

मी सवयीने वळले. "सांग गं."

ती उठली. हात मागे बांधले. वरच्या पाइपकडे बघितलं, आणि म्हणाली, "रोज्यात आपल्या वाट्याचं पाणी झाडाला जातं. म्हणून."

माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली, आणि वर्ग संपल्यावर वर जाऊन मंडळीला वाचून दाखवलं. आता आमची मंडळी म्हणजे काय सांगू! चांगलं वाक्य दिसलं की गुळाला मुंग्या लागाव्या तशी लागतात. एक बाई म्हणाल्या, बघा, शेवटी सगळे धर्म एकच सांगतात. दुसऱ्यांनी वही काढली. दुपारपर्यंत ते मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, मागे सूर्योदय, पुढे वटवृक्ष, आणि मजकूर असा: इस्लाम धर्मात रोज्याच्या दिवशी प्रत्येक व्यक्ती आपल्या वाट्याचे जल वृक्षांना अर्पण करते. मंगळवारी तेच मला लातूरहून माझ्या बहिणीने पाठवलं, खाली पाच हात जोडलेले.

मी खूश होते. नियम आठवलासुद्धा नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला तर तिची आई म्हणाली, "पोट दुखतंय म्हणते काकू." तिसऱ्या रविवारीही पोटच दुखत होतं. मग मात्र मला राहवेना. नारळाच्या वड्या केल्या, डबा घेतला आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

तिच्या वडिलांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं ते असं. आमच्या मंडळीतलेच एक गृहस्थ गाडी घेऊन गॅरेजवर गेले होते. मोबाइल पुढे करून म्हणाले, वा, काय सुंदर आहे तुमच्यात! यांनी वाचलं आणि म्हणाले, "असं आमच्यात काय न्हाई हो, कुनी सांगितलं?" तर उत्तर आलं, "तुमच्याच मुलीनं." मग आणखी दोघं-तिघं विचारून गेले.

"काकू, तुमचा काय दोष न्हाई," ते म्हणाले. "पर पोरीनं दीनाच्या, धर्माच्या बाबतीत मनाचं सांगायचं म्हंजे? उद्या मौलानासाब म्हनले, तुमच्या घरात हे काय शिकवता, तर मी काय त्वांड दाखवू? मी रागावलो तिला. पयल्यांदाच एवढा रागावलो."

तुमचा दोष नाही म्हणाले हेच मला जास्त लागलं. मुलगी आतल्या दाराला टेकून उभी होती. मी तिला जवळ बोलावलं आणि आपल्या मते अगदी प्रेमाने म्हणाले, "अगं, काही बिघडलं नाही. तुला सुचलं ते छानच होतं. लहान मुलं सांगतात असं काहीबाही."

"मला सुचलं नव्हतं," ती म्हणाली. "मी खोटं नाही बोलले."

"बरं, मग कुणी सांगितलं तुला?"

तिने वडिलांकडे बघितलं. मग खाली बघितलं, आणि ओठ असे घट्ट मिटले की मला कळलं, आता काही निघायचं नाही.

"बघा," वडील म्हणाले, "कबूल बी करंना."

आणि मी! मला मेलीला तेव्हाच गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही. माझ्या तोंडून निघालंच, "एवढा हट्ट बरा नव्हे हं. चूक झाली तर झाली म्हणावं." ती आत निघून गेली. वड्यांचा डबा तसाच टेबलावर राहिला. येताना मी स्कूटरवर रागावले, सिग्नलवर रागावले, समोरच्या डंपरवाल्याला तर शिवीच दिली, आणि ज्याच्यावर रागवायचं ते माझ्याच हेल्मेटमध्ये होतं हे मला कळत नव्हतं.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी निवडत होता. गवारीच्या शिरा काढता काढता म्हणाला, "तू त्यांच्याकडे विचारायला गेली होतीस का सांगायला?"

"म्हणजे?"

"नाही, तो तुमच्या डब्याचा नियम. विचारून यायचं असतं ना?"

मी त्याच्याशी दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत बोलले नाही. खरं लागलं की माझं असंच होतं.

रमजान सुरू झाला. मार्च महिना, आणि ऊन असं की पार्किंगच्या फरशीवर अनवाणी उभं राहवेना. रविवारी तिची चटईवरची जागा रिकामी असायची. तो दांडगट मुलगासुद्धा तिथे सरकायचा नाही. मला ते बघवत नव्हतं. नऊ वर्षांची पोर, स्वतःच्या घरात खोटारडी ठरली, आणि ती माझ्यामुळे ठरली. ती परत आली नाही तर हे असंच तिच्या नावावर राहणार, मोठी होईल तरी राहणार, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. पण करायचं काय ते दिसत नव्हतं.

एका दुपारी मी गॅरेजवर गेले. ब्रेक लागत नाही, असं मी सांगितलं. ब्रेक चांगला लागत होता. जीव लागत नव्हता एवढंच.

तिचे वडील एका गाडीचं इंजिन खोलून बसले होते. ओठ सुकलेले, पण हात चालूच. "बसा काकू, पाच मिनटं," म्हणाले. मी टायरच्या चळतीवर बसले. थोड्या वेळाने ते उठले, हात पुसले, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली एक बाटली काढली. शाळेतल्या पोरांची असते तशी निळी बाटली, वरचं चित्र घासून गेलेलं. काठोकाठ भरलेली. मला वाटलं, चूळ भरणार असतील. ते बाहेर गेले. गॅरेजसमोर करंजाचं एक झाड आहे, माणसाच्या खांद्याएवढं. त्याच्या बुडाशी ते खाली बसले, झाकण उघडलं आणि बाटली सावकाश, गोल फिरवत सगळी ओतली. शेवटचे थेंब झटकले. परत येऊन बाटली खिळ्याला अडकवली आणि पाना हातात घेतला.

मी उठूनच उभी राहिले. "हे काय केलंत?"

"काय केलं?"

"पाणी. झाडाला."

"आं? ते व्हय." ते हसले. "ते आमच्या बाईसाहेबांचं काम. मी सकाळी निघायच्या आत माझी बाटली तीच भरती. चार वर्साची होती तवापासून. कुनाला हात लावू देत न्हाई. रोज्यात बी भरती, सवयीनं. पयल्या वर्सी मी म्हननारच होतो, अगं, रोजा हाय माझा, नगं. पर ती मोरीत पाय उंच करून, नळाखाली बाटली धरून उभी. एवढुशे हात. मग म्हनायचं कसं? घेतली. आन् संध्याकाळी भरलेली तशीच परत न्यायची तर तिला वाईट वाटंल. म्हनून ओतून टाकतो हितं. दर वर्सी तसंच."

"आणि तिला काय सांगता?"

"काय सांगनार? एकदा इचारलं होतं तिनं. अब्बा, रोजा असून बाटली रिकामी कशी? म्हनलं, आपल्या वाट्याचं पानी रोज्यात झाडाला..."

ते थांबले. पाना हातातच राहिला.

मग तिथेच पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसले. "या अल्ला," म्हणाले, "म्हनलं होतं मी. असंच म्हनलं होतं काकू. मला आठवलंबी न्हाई. त्या मोबाइलमधी ते जल का काय लिवलं होतं, अर्पन का काय, मला कुठनं वळखू येनार?"

आणि तिला आठवत होतं. त्या संध्याकाळी मी विचारलं, कुणी सांगितलं, तेव्हा तिने त्यांच्याकडे बघितलं होतं. बाप विसरला आहे हे तिला तिथल्या तिथे कळलं होतं. पाहुण्यांसमोर अब्बा खोटे पडू नयेत म्हणून ती गप्प बसली आणि खोटारडेपणा आपल्या अंगावर घेतला. आणि मी तिला म्हणाले, हट्ट बरा नव्हे! मला तिथेच, टायरच्या चळतीजवळ, भर रस्त्यावर रडू आलं. कंपनीत मी एक साधा पार्टसुद्धा गेज लावल्याशिवाय पुढे सोडला नव्हता. इथे तिचं वाक्य गोड लागलं म्हणून न मोजता पास केलं, आणि कुणी शंका घेतली तेव्हा न मोजताच तिला लाल डब्यात टाकलं.

"शाळा सुटली असंल," तिचे वडील म्हणाले. "हितनंच जाती ती."

आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत बसलो. ती आली, पाठीला दप्तर, वेण्या सुटलेल्या. मला बघून तिने चाल मंद केली. वडील उठले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले, ग्रीसचे हात मागे धरून.

"बाळा, पान्याचं मीच सांगितलं होतं तुला. मी इसरलो. तू खरं बोललीस."

"मला माहिती होतं तुम्ही विसरलात ते," ती म्हणाली.

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"काकू होत्या ना."

आता माझी पाळी होती. माफी मागायची सवय नाही मला, शब्द तोंडात अडखळतात. "मी विचारायला यायला हवं होतं," मी म्हणाले. "तुझ्या अब्बांना. फळ्यावर लिहायच्या आधी. मी आले नाही, आणि वर तुलाच बोलले. माझी चूक झाली, बाळा."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. इन्स्पेक्शनला ठेवावी अशी नजर. "तुम्ही रागावलात पण."

"हो."

"तुम्ही सारख्याच रागावता."

"हो गं बाई, रागावते."

वडिलांनी मान फिरवून हसू लपवलं. मी म्हटलं, "येशील का रविवारी?" ती बुटाने मातीत रेघ ओढत राहिली. मग खालीच बघत, अगदी हळू म्हणाली, "मला दर वेळी उभं करता तुम्ही. मला सगळं नाही येत. येत नसलं तरी सगळे माझ्याकडे बघतात. मग शनिवारी माझं खरंच पोट दुखतं."

खरंच! म्हणजे ते निमित्त नव्हतं. दर शनिवारी ती पोर उद्याच्या डब्यातून काय निघणार या धास्तीने पोट धरून बसत होती, आणि मी रविवारी तिला उभं करून कौतुकाने फळा भरत होते. "परत नाही उभं करणार," एवढंच मी म्हणाले. तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि घरी गेली.

रविवारी ती आली. जिन्याजवळ सगळ्यांत मागे बसली. मी फळ्याजवळ गेले आणि मुलांना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं तसं कुठल्या धर्मात लिहिलेलं नाही. पण एक बाबा आहेत. त्यांची मुलगी त्यांना रोज पाणी भरून देते, आणि रोज्यात ते पाणी एका करंजाला मिळतं. हे मात्र मी डोळ्यांनी बघून आले. मुलांना हे त्या वाक्यापेक्षा जास्त आवडलं. झाड केवढं आहे, आम्ही बघायला जाऊ का, बाटली कुठल्या रंगाची. गुरुजींनी अकरा वर्षांपूर्वी माणसं सांगा म्हटलं ते मला त्या पार्किंगमध्ये कळलं. वर्ग संपल्यावर वर जाऊन मंडळीलाही सांगितलं. ज्या बाईंनी वटवृक्ष टाकला होता त्यांनी ग्रुपवर दुरुस्तीही टाकली. ती दुरुस्ती मात्र लातूरहून परत आली नाही.

पण त्याआधी वर्गातच डबा हलवला आणि चिठ्ठी काढली. नशीब बघा! चिठ्ठीत लिहिलं होतं: रोज्यात कुणी विसरून पाणी प्यायलं तर काय होतं?

सगळ्या माना मागे वळल्या. जिन्याकडे. आणि खरं सांगते, माझीही अर्धी वळली. सवय वाईट. तिथेच मी थांबवली. ती खांदे आखडून बसली होती, उठायच्या बेतात.

"मला माहीत नाही," मी मोठ्याने म्हणाले. "विचारून येते."

माना माझ्याकडे वळल्या. वरच्या मजल्यावर मंडळीचं गप्प बसणं चालू होतं. आणि जिन्याजवळून आवाज आला, एवढा मोठा की वर नक्की ऐकू गेला असेल:

"मला पण माहीत नाही!"

ती उभी राहिली नव्हती. बसूनच म्हणाली, आणि हसायला लागली. इतकं हसली की तिच्या शेजारची मुलगीही हसली, मग तो दांडगट हसला, मग सगळा वर्ग. मारुतीच्या मिशीला हसायचे तसे.

"मग दोघी जाऊ विचारायला," मी म्हटलं.

गेलोही. तिची दादी राजगुरुनगरला असते. मी, ती आणि तिची आई रिक्षाने गेलो. चाकणच्या चौकात पाऊण तास अडकलो, आणि मी एकदाही रागावले नाही. ती माझ्याकडे लक्ष ठेवून होती. दादी कॉटवर बसून तांदूळ निवडत होत्या. आमचा प्रश्न ऐकून म्हणाल्या, विसरून प्यायलं तर रोजा तुटत नाही. आठवलं की थांबायचं आणि पुढे चालू ठेवायचं. विसरण्याला माफी आहे, मुद्दाम करण्याला नाही. तिने ते माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं, खाली लिहिलं, "दादीला विचारले," आणि मला दाखवलं. येताना दादींनी मला निवडलेले तांदूळ बांधून दिले. घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, बघ, विचारायला गेलं की भात तरी मिळतो.

त्या आठवड्यात शनिवारी मी मुद्दाम तिच्या आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, "हिचं पोट कसं आहे हो आज?"

"पोट?" तिची आई म्हणाली. "पोटाला काय झालंय?"